पहिली ऑफ-रोड मोटरसायकल निवडताना उंची, वजन आणि देखभाल यांचा मेळ कसा घालावा?

रानवाट:
नमस्कार. गेली ११ वर्षे मी डांबरी रस्त्यावर मोटरसायकल चालवते आहे. लांब पल्ल्याचे प्रवास केले आहेत, पावसात आणि रात्रीही गाडी चालवली आहे, त्यामुळे आपल्याला गाडी चांगली येते असा माझा समज होता. सहा महिन्यांपूर्वी एका परिचितांची ऑफ-रोड गाडी मोकळ्या माळावर चालवून पाहिली, तेव्हा मातीवरचे चालवणे हे वेगळेच शिक्षण आहे हे तासाभरात कळले. भुसभुशीत मातीत पुढचे चाक डळमळू लागले की माझा हात सवयीने पुढच्या ब्रेकवर जातो, चाक अडते आणि मी पडते. त्या दिवशी मी पाच वेळा पडले, पण घरी परतताना मनात एवढेच होते की हे नीट शिकायचे.

आता स्वतःची गाडी घ्यायची आहे आणि माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी, ३०० सीसीच्या आतली चारस्ट्रोक नवी गाडी. तिचे वजन सुमारे १४० किलो आणि सीटची उंची ८८० मिलिमीटर आहे. दुसरा, स्पर्धेसाठी बनवलेली २५० सीसीची वापरलेली एंड्युरो गाडी. तिचे वजन ११० किलोच्या आसपास, सीटची उंची ९५० मिलिमीटर आणि तासमापकावर (इंजिन एकूण किती तास चालले ते दाखवणाऱ्या मापकावर) ९० तास. माझी उंची १६० सेंटिमीटर आहे. वजन ५८ किलो, आणि बूट, हेल्मेट, छातीचे कवच वगैरे सगळे चढवल्यावर ६६ किलो. हलकी गाडी खुणावते, पण तिच्यावर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडेसुद्धा जमिनीला धड टेकत नाहीत.

मला स्पर्धेत उतरायचे नाही. आठवड्यातून एक दिवस, तीन-चार तास चालवायची इच्छा आहे. चेन साफ करणे, ऑइल बदलणे, ब्रेकचे पॅड बदलणे ही कामे मी घरी करते; इंजिन मात्र कधी उघडलेले नाही. या परिस्थितीत कोणती गाडी घ्यावी, वापरलेली गाडी घ्यायची झाल्यास नेमके काय तपासावे, आणि उंचीच्या अडचणीवर गाडी खाली बसवून घेणे हा योग्य उपाय आहे का, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळ:
रानवाट, तुम्ही वजन आणि उंची दिलीत ते फार बरे केलेत, पण तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे आठवड्याचे तीन-चार तास. निर्णय त्यावरूनच व्हायला हवा असे मला वाटते.

आठवड्याला ४ तास म्हणजे वर्षाला साधारण २०० तास. स्पर्धेच्या चारस्ट्रोक इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते, पिस्टन हलका आणि आखूड, कॉम्प्रेशन जास्त आणि फेरे फार वरपर्यंत जाणारे. म्हणून अशा गाड्यांचे ऑइल १० ते १५ तासांनी बदलावे लागते. जंगलवाटेवर ताशी सरासरी २५ किलोमीटर धरली, तर १५ तास म्हणजे ३७५ किलोमीटर. तुमच्या हिशेबाने महिन्यातून एकदा ऑइल, ठरावीक तासांनी व्हॉल्व्हचे अंतर तपासणे, आणि पुस्तिकेत दिलेले तास भरले की पिस्टन व रिंग बदलणे. ज्या गाडीवर आताच ९० तास झाले आहेत, तिच्या बाबतीत हे शेवटचे काम फार दूर असेल असे धरून चालू नका. याउलट दुहेरी वापराच्या गाडीत हीच कामे हजारो किलोमीटरच्या अंतराने येतात. ३० किलो हलकी गाडी घेताना तुम्ही ताकदीबरोबर हे तासही विकत घेता. ज्यांना गॅरेजमध्ये बसायला आवडते त्यांच्यासाठी तो आनंद आहे, पण ज्यांच्याकडे आठवड्याला एकच मोकळा दिवस आहे त्यांचा तो दिवस पाने फिरवण्यात जाऊ नये.

दुसरी बाब रस्त्याची. स्पर्धेच्या अनेक गाड्यांची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, म्हणजे वाटेच्या तोंडापर्यंत ती दुसऱ्या वाहनातून न्यावी लागते. तशी सोय नसेल तर हा पर्याय इथेच संपतो.

माझे मत पहिल्या गाडीकडे झुकते. १४० किलो हे शिकाऊ माणसाला जड आहे, हे मी नाकारत नाही. पण तिच्या इंजिनाचे फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे चक्र) तुलनेने जड असते, त्यामुळे अगदी सावकाश चालवताना ती पटकन बंद पडत नाही, आणि नवख्या चालकाच्या बऱ्याच पडझडी इंजिन अवेळी बंद पडल्यानेच होतात. तिच्यावर दोन बदल लगेच करा. खोल गुटक्यांचे नॉबी टायर घाला, आणि पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. १४ ऐवजी १३ दात केले की गिअरिंग सुमारे ७ टक्क्यांनी हळू होते आणि पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने जाता येते.

तरीही ती वापरलेली गाडी पाहायला जाणारच असाल, तर मालकाला आधीच सांगा की मी येण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, कारण झिजलेले व्हॉल्व्ह थंड इंजिनातच सुरू होताना त्रास देतात. तासमापक बदलता येतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका; फूटपेगचे, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांचे, दात किती बोथट झाले आहेत, बुटाच्या घर्षणाने फ्रेमचा रंग कुठे गेला आहे, स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकल्यासारखे दिसतात का, हे पाहा. गाडी स्टँडवर उचलून मागचे चाक वर-खाली हलवा. खट् असा सैलपणा जाणवला तर लिंकेजची, म्हणजे मागच्या शॉकअब्सॉर्बरला जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंग गेलेली आहेत. हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवताना मध्यभागी अडखळले तर हँडलची बेअरिंग खराब आहेत.

आणि शेवटी एक तपासणी, जी मी कधीच टाळत नाही. एअर फिल्टर काढायला सांगा. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत स्वच्छ बोट घाला आणि आतल्या भिंतीवरून फिरवा. बोट कोरडे आणि स्वच्छ निघाले तर पुढे बोला. अंगठ्याने चोळल्यावर बारीक रेती करकरली, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी परत या.

मोजपट्टी:
कातळ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मला फक्त उंचीबद्दल लिहायचे आहे, कारण या एका मुद्द्यावर चुकीचे सल्ले फार ऐकायला मिळतात.

ऑफ-रोड गाडीची सीट उंच का असते, हे आधी समजून घ्यायला हवे. १९७० च्या सुरुवातीपर्यंत मोटोक्रॉस गाड्यांचे मागचे चाक जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास वर-खाली होत असे. बेल्जियमच्या ल्युसिएन टिल्केन्स यांनी दोन शॉकअब्सॉर्बरऐवजी एकच लांब शॉकअब्सॉर्बर बसवण्याची रचना केली, यामाहाने ती स्वीकारली, आणि १९७३ मध्ये स्वीडनच्या होकान अँडरसन यांनी त्याच मोनोशॉक गाडीवर २५० सीसी गटाचे मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळवले. त्यानंतर काही वर्षांतच सगळ्या कंपन्या लांब सस्पेन्शनकडे वळल्या, आणि आज स्पर्धेच्या गाडीचे चाक सुमारे ३०० मिलिमीटर हलते. ही जागा कुठून तरी यायलाच हवी, आणि ती सीटच्या उंचीतून येते. म्हणून गाडी खाली बसवणे म्हणजे जे विकत घेतले त्यातलाच एक भाग काढून टाकणे होय. बाजारात मिळणाऱ्या लहान-मोठ्या लिंक बसवून मागची बाजू खाली घेतली तर हँडलचा कोन बदलतो, लिंकेज जमिनीजवळ येते आणि दगडावर आदळते.

त्याआधी स्प्रिंग तपासा. कारखान्यातून येणाऱ्या गाडीची स्प्रिंग साधारण ७५ ते ८५ किलोच्या चालकासाठी निवडलेली असते. तुम्ही सर्व साहित्यासह ६६ किलोच्या आहात, म्हणजे तुमच्याखाली गाडी जितकी दबायला हवी तितकी दबतच नाही. ती जितकी उंच वाटते त्यातला काही भाग हा आहे.

हे मोजायला अर्धा तास आणि एक सोबती पुरतो. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या आसापासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करून ते अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून फक्त तिच्या स्वतःच्या वजनावर उभी करा आणि पुन्हा मोजा. दोहोंतला फरक म्हणजे गाडीचा स्वतःचा सॅग. त्यानंतर पूर्ण पोशाखात गाडीवर बसा, सस्पेन्शन दोन-तीनदा दाबून सोडा आणि तिसऱ्यांदा मोजा. पहिल्या आणि या मापातला फरक म्हणजे चालकासह सॅग. तो एकूण हालचालीच्या एक तृतीयांश असावा: ३०० मिलिमीटरच्या गाडीला १०० ते १०५, २५० च्या गाडीला ८० ते ८५. गाडीचा स्वतःचा सॅग २५ ते ४० च्या दरम्यान असावा.

आता एक गोष्ट जी सुरुवातीला उलटी वाटते. चालकासह सॅग बरोबर लावल्यानंतर गाडीचा स्वतःचा सॅग फार जास्त आला, तर स्प्रिंग मऊ नसून कडक आहे. कारण कडक स्प्रिंगमध्ये हलक्या चालकासाठी प्रीलोड (स्प्रिंग आधीच जितकी दाबून बसवलेली असते तो ताण) जवळजवळ सगळा सोडावा लागतो, त्यामुळे गाडी नुसती उभी असतानाच खाली बसते. असे झाले तर मऊ स्प्रिंग घ्या. तेवढ्याने भागले नाही तर सीटचा फोम थोडा कापून घ्या, विशेषतः मांड्यांजवळचा भाग अरुंद करून घ्या, कारण पाय सरळ खाली जाऊ लागले की काही मिलिमीटर आपोआप मिळतात. तरीही हवेच असेल, तर सस्पेन्शनच्या जाणकाराकडून फोर्क आणि शॉकअब्सॉर्बर दोन्ही आतून सारखे आखूड करून घ्यावेत.

ग्रीसगन:
देखभालीबद्दल लिहितो. पुष्कळ गोष्टी लिहिता येतील, पण माझा सगळा भर एअर फिल्टरवर आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी घाईघाईत फिल्टर बसवला आणि त्याची खालची कड खाचेत नीट बसली नाही. वरून सगळे व्यवस्थित दिसत होते. पुढच्या २० तासांत गाडीची ताकद हळूहळू कमी होत गेली, सुरू व्हायला वेळ लागू लागला, आणि इंजिन उघडले तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते व सिलिंडरच्या भिंतीवरचा कठीण थर गेलेला होता. कारण फक्त बोटभर फट होती.

त्यामुळे आता माझी पद्धत ठरलेली आहे. धुळीत चालवलेल्या प्रत्येक दिवसानंतर फिल्टर निघतो. सीट किंवा बाजूचे पॅनेल काढण्यापूर्वी त्याभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाही तर झाकण उघडताच ती आत पडते. फिल्टर बाहेर काढताना दोन्ही बाजूंनी आत दाबून, घडी घातल्यासारखा काढा म्हणजे त्यावरची माती इंजिनाच्या तोंडाशी सांडत नाही. लगेच त्या तोंडात स्वच्छ फडका खोचा. फोम धुण्यासाठी फिल्टर क्लीनर वापरा. पेट्रोल वापरू नका, कारण त्याने शिवणीचा गोंद सुटतो आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. पिळताना फोम कधीही पीळ देऊन पिळू नका, तळहातांत दाबून पाणी काढा. सावलीत पूर्ण वाळू द्या.

ऑइल लावण्यासाठी फिल्टर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, त्यावर फिल्टर ऑइल ओता आणि पिशवीच्या बाहेरून कणीक मळतात तसे मळा. रंग सगळीकडे सारखा दिसू लागला, कुठेही फिकट ठिपका उरला नाही, की झाले. जास्तीचे ऑइल दाबून काढा. मग काही तास तसाच ठेवा, कारण त्यातला पातळ द्रव उडून गेल्यावरच ऑइल चिकट होते आणि धूळ धरते. बसवण्यापूर्वी कडेला ग्रीसचा पातळ थर लावा आणि बसवल्यावर टॉर्च घेऊन चारही बाजूंनी पाहा. मी तीन फिल्टर तयार ठेवतो, म्हणजे रात्री थकून आल्यावर फक्त बदलायचा असतो आणि धुणे नंतर सवडीने होते. इंजिनाकडच्या रबरी नळीत आतून पांढऱ्या ग्रीसचे बोट फिरवून ठेवले तर आणखी चांगले. धूळ आत गेलीच तर त्या ग्रीसवर लगेच दिसते.

बाकीचे थोडक्यात. जोराच्या पाण्याचा फवारा बेअरिंग, फोर्कचे सील, चेन आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांवर सरळ मारू नका. नव्या गाडीतही लिंकेज आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) एकदा उघडून ग्रीस भरा, कारण कारखान्यातून येताना ते बहुधा कमीच असते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या एक-दोन दिवसांनंतर तपासा. पान्याने हलकेच टिचकी मारल्यावर घट्ट तार खणखणीत वाजते आणि सैल तार बद्द वाजते. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट मागच्या चाकाइतकेच जपा.

चेन मात्र नीट समजून घ्या, कारण रस्त्यावरून आलेले बहुतेक जण ती फार घट्ट ठेवतात. या गाड्यांचे चाक इतके वर-खाली होते की पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. उभ्या गाडीत चेन ठीक घट्ट वाटली, तर त्या क्षणी ती जास्त ताणली जाऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. म्हणून उभ्या गाडीत ती सैल दिसली पाहिजे; किती सैल, ते पुस्तिकेत दिलेले असते.

रानवाट:
आपण तिघांनी इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. सॅगची गोष्ट मला पूर्णपणे नवी होती. एक शंका राहते. माझी खरी भीती चढावर आहे. चढाच्या मध्यावर इंजिन बंद पडले, पाय जमिनीला पुरत नाहीत आणि गाडी मागे घसरू लागली, तर काय करायचे? त्या दिवशीच्या पाचपैकी दोन पडझडी अशाच झाल्या.

चढण:
रानवाट, माझी उंची तुमच्यापेक्षा फक्त दोन सेंटिमीटरने जास्त आहे आणि मी ९४० मिलिमीटर सीटची गाडी चालवते, त्यामुळे हे उत्तर मला स्वतःलाच एकदा हवे होते.

चढावर बंद पडल्यावर सगळे जण सवयीने पुढचा ब्रेक आवळतात आणि क्लच दाबतात. दोन्ही मिळून घात होतो. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकावर असते, पुढचे चाक हलके असते, म्हणून ते नुसतेच खरडत मागे येते. अशा वेळी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये आणि क्लच सोडलेला ठेवा. बंद इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवते आणि गाडी जागीच उभी राहते. दोन्ही पाय टेकण्याची गरज नाही. चढाच्या वरच्या बाजूला जो पाय असेल तो टेका, कारण त्या बाजूची जमीन तुमच्या जवळ असते. मग उतरा, गाडी त्याच बाजूला किंचित कलती ठेवा आणि हँडल वळवा. क्लच थोडा दाबला की गाडी मागे सरकते, सोडला की थांबते. म्हणजे क्लच हाच तुमचा मागचा ब्रेक. अशी वीत-वीत मागे घेत गाडी चढाला आडवी करा, मग तोंड खाली करून उतरा. हा सराव आधी अगदी सौम्य उतारावर, इंजिन मुद्दाम बंद करून दहा-बारा वेळा करा. हात शिकले की भीती जाते.

सपाटीवर थांबतानाही दोन्ही पायांचा हट्ट सोडा. एका बाजूला सीटवरून थोडे घसरून डावा पाय टेकायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा. थांबण्याची जागा चार पावले आधीच निवडायची, म्हणजे एखादा दगड, उंचवटा किंवा चाकोरीचा काठ पायाखाली येईल. उंच माणसाला याची गरज पडत नाही, पण आपल्याला वाट वाचायची सवय यामुळे लवकर लागते, आणि ती पुढे फार उपयोगी पडते.

पुढच्या ब्रेकबद्दल. मातीतही थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो, म्हणून तो टाळू नका, पण एकाच बोटाने आणि हळूहळू वाढवत दाबा. चाक वळलेले असताना दाबू नका. भुसभुशीत रेतीत पुढचे चाक डळमळणे स्वाभाविक असते. तिथे उभे राहा, गुडघ्यांनी गाडी धरा, वजन किंचित मागे घ्या, हँडल सैल धरा आणि थ्रॉटल स्थिर ठेवा. थ्रॉटल सोडताच वजन पुढे येते आणि चाक रुतते, तुमची पडझड तिथूनच सुरू होते. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवा.

उभे राहून चालवायचे असल्याने लिव्हर त्या स्थितीसाठी लावून घ्या. फूटपेगवर उभे राहून हात सहज पुढे केले की मनगट सरळ राहिले पाहिजे, म्हणजे लिव्हर रस्त्यावरच्या गाडीपेक्षा खाली झुकलेली येईल. तिचे बोल्ट इतपतच आवळा की पडल्यावर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. ऑफ-रोड बुटाचा पुढचा भाग जाड असतो, म्हणून गिअरचा पायखटका एक-दोन खाचा वर घ्या, नाही तर बूट त्याखाली जातच नाही. बूट मात्र सर्वांत आधी घ्या, गाडीच्याही आधी. १४० किलोची गाडी घोट्यावर पडते तेव्हा त्यांची गरज समजते.

टायरची हवा रस्त्यावरच्या आकड्यावर ठेवून मातीत जाऊ नका. तुमच्या वजनाला आणि त्या जड गाडीला ट्यूबसह १८ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. स्पर्धेच्या हलक्या गाड्या १२ ते १५ वर चालतात, पण त्यांना रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी पकड) असते. ते नसताना हवा फार कमी केली तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. परत डांबरावर आल्यावर हवा भरायला विसरू नका.

आणि ओढा पार करताना आधी पायी उतरून पाहा. पाणी इंजिनात गेल्याची शंका आली तर स्टार्टर दाबू नका. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून, फिल्टर पाहून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, आणि ऑइल दुधाळ दिसले तर बदलल्याशिवाय चालवू नका.

दोनस्ट्रोक:
एक वेगळे मत नोंदवतो. १४० किलो आणि हजारो किलोमीटर, की ११० किलो आणि १५ तास, एवढेच दोन पर्याय नाहीत. वाहतुकीची सोय असेल तर दोनस्ट्रोक एंड्युरो गाडीचा विचार जरूर व्हावा. तिच्यात चारस्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन बदलणे हे घरी शिकता येण्याजोगे काम आहे, आणि गाडी १०० किलोच्या आसपास असते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची भीती बाळगू नका. ५० ला १ हे प्रमाण म्हणजे एक लिटरला २० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले प्रमाण पाळावे. मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागणाऱ्या गाडीवर लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून उतरू नये, कारण पेट्रोल थांबले की त्यातले ऑइलही थांबते. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडावा. इंजिनाचा ब्रेकही कमी लागतो, म्हणून उतारावर शिकाऊ चालकाला चारस्ट्रोक सोपी जाते, हे कातळ यांच्या बाजूने मान्य करतो.

रानवाट:
दोन आठवड्यांनंतर लिहिते आहे. वापरलेली गाडी पाहून आले. इंजिन थंड होते, एका दाबात सुरू झाले, बेअरिंगही घट्ट होती. मग फिल्टर काढायला सांगितला. तो बाहेरून स्वच्छ धुतलेला होता, पण आतल्या नळीवरून बोट फिरवले तेव्हा बोटाच्या पेरावर तपकिरी रेघ उमटली आणि चोळल्यावर ती करकरली. मी आभार मानून परत आले.

वाहतुकीची सोय माझ्याकडे नाही, त्यामुळे पहिला पर्याय घेतला. काल सॅग मोजला. तिच्या मागच्या चाकाची हालचाल २५० मिलिमीटर आहे. अधांतरी ६१०, स्वतःच्या वजनावर ५७२, आणि मी पूर्ण पोशाखात बसल्यावर ५३५. म्हणजे चालकासह सॅग फक्त ७५ होता. प्रीलोड सोडून तो ८३ वर आणला, तेव्हा गाडीचा स्वतःचा सॅग ३८ वरून ४६ झाला. मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे स्प्रिंग माझ्यासाठी कडक आहे असाच याचा अर्थ ना?

मोजपट्टी:
हो, अगदी तोच. मागची एक पायरी मऊ स्प्रिंग घ्या आणि त्याच वेळी पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगही तेवढ्याच प्रमाणात मऊ घ्या. फक्त मागची बदलली तर मागची बाजू खाली बसेल, पुढची उंच राहील, आणि वळणावर गाडी आत यायच्या ऐवजी रुंद जाऊ लागेल. नव्या स्प्रिंग बसवल्यावर पहिले चार-पाच तास झाले की तिन्ही मापे पुन्हा घ्या. त्या सुरुवातीला थोड्या बसतात. मडगार्डवरची खूण पुसू नका.